टेबलाला शेवटचा हात

पाय

आणि चौथा पाय.

तीन पाय जाग्यावर होते, चौथ्याच्या जागी विटा. वखारीतून परसात आल्यापासून ते टेबल असंच उभं होतं, चिकूच्या झाडाखाली, पश्चिमेच्या उघड्या अंगाला. पावसाळ्यात त्यावर पाणी, उन्हाळ्यात सांडगे, एरवी मांजर. दादांनी तंबाखूचा धंदा बंद करून वखार भाड्यानं दिली तेव्हा तिथलं एवढं एकच सामान निपाणीच्या या घरात आणलं होतं. दादांच्या माघारी त्या टेबलाकडे कुणी पाहिलं नाही.

त्यांच्या थोरल्या मुलानं, वर्धमाननं पाहिलं, कारण त्याला दुसरं काही हलवायला उरलं नव्हतं.

जन्मभर तो बस डेपोत कंट्रोलर. निरोप समारंभात हार, शाल आणि नवी कोरी पितळी शिट्टी मिळाली. शिट्टी वाजवली की गाडी हलते, एवढी एक गोष्ट त्याला आयुष्यात पक्की ठाऊक होती. घरात शिट्टी वाजवून काहीच हलेना. मग त्यानं मांडणीवरचे डबे फलाटांसारखे लावले. डाळींचा फलाट, पिठांचा फलाट. नंतर दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांना रांग लावली. शेवटी त्याची बायको त्रिशला म्हणाली, "अहो, मला स्टँडवर ऱ्हायल्यागत वाटालंय. परसात जावा तुम्ही. तिथं काय हलवायचं त्ये हलवा."

परसात टेबल होतं. टेबलाच्या चौथ्या पायात वाळवी होती.

आता दुसऱ्या कुणी औषध फवारलं असतं. वर्धमाननं तो पोखरलेला पाय अलगद उचलला, त्याच्यासोबत वाळवीला पुरेल एवढं जुनं सरपण घेतलं आणि परसाच्या पार टोकाला, उकिरड्यापलीकडे नेऊन ठेवलं.

"मारलीस काय रं?" खिडकीतून अव्वा.

"न्हाय गं. बदली केली."

अव्वा, म्हणजे त्याची आई राजमती, खिडकीत तशीच उभी राहिली. तिला हसू आलं होतं, पण ते तिनं त्याला दाखवलं नाही.

नवा पाय खानापुराकडून आला. जावयाच्या, आदर्शच्या गावी वादळात फणस पडला होता. त्यातला तुकडा त्यानं बसच्या टपावर टाकून आणला. अव्वानं विचारलं, "झाड पाडून आणलंय काय पावणं?"

"न्हाय अव्वा. आपणहून पडलंय."

अव्वानं मान हलवली. फणसाचं लाकूड पिवळंजर्द, बाकीचे तीन पाय काळपट सागवानी. रंग जुळेना. जुळवायचा कुणी प्रयत्नही केला नाही.

चित्र

टेबल कशासाठी, हे वर्धमाननं कुणाला सांगितलं नव्हतं. त्रिशलानं ओळखलं होतं.

या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. खोल्यांमध्ये अंधार लवकर भरतो, परसात मात्र उजेड उशिरापर्यंत रेंगाळतो. म्हणून दादा असताना दादा आणि अव्वा संध्याकाळचे या टेबलावरच जेवायचे. नंतर अव्वा स्वयंपाकघरात पाटावर, एकटी.

आणि वर्धमानच्या डोक्यात होतं ते असं:

चिकू
अव्वा ———— आदर्श
(बाकीच्यांनी कुठंही बसावं)

लेकीचं, प्रणिताचं लग्न झाल्यापासून अव्वा आणि आदर्श एकदाही एका पंगतीला बसले नव्हते. भांडण नव्हतं. अव्वा त्याला "पावणं, बरं हाय न्हवं?" विचारायची, जाताना पिशवीत आंबे घालायची. जातीचाही प्रश्न नव्हता. खानापूरच्या शेतकऱ्याच्या घरात नात द्यायला पहिला होकार अव्वाचाच. अडलं होतं ते नोकरीवर. आदर्श रेशीम खात्यात. तुती कशी लावायची, अळ्या कशा वाढवायच्या, कोष कसे काढायचे, हे तो गावोगाव शिकवतो. आणि अव्वानं तरुणपणी मुनिमहाराजांसमोर रेशमाचा त्याग केलेला. कोष उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आत जीव असतो, हे तिला कुणीतरी सांगितलं आणि ती ते विसरली नाही.

प्रणितानं एकदा वाद घालून पाहिला होता. "मग अव्वा, वृषभकाका शहापुरात रेशमी साड्या विकतो ते?"

"त्यो आर्टसिल्क विकतोय," अव्वा म्हणाली. "त्यात सिल्क असतंय म्हणून तुला कोण सांगितलं?"

वाद तिथं संपला. अव्वाचं ताट मात्र आतच राहिलं.

दर रविवारी आदर्श बेळगावहून यायचा आणि सासरा-जावई पॉलिश पेपर घेऊन फळी घासायचे. दोघं फारसं बोलत नसत. "मामा, हिकडं खडबडीत हाय." "तुम्ही तिकडनं या, मी हिकडनं येतो." एवढंच. पण ज्या दिवशी तंबाखूचा काळा थर जाऊन खालच्या लाकडाच्या रेषा दिसल्या, त्या दिवशी दोघांनी एकाच वेळी "आयला!" म्हटलं. वर्धमाननं आयुष्यात पहिल्यांदा.

ग्रुपवर

वर्धमान: टेबल तयार होत आले. अक्षय तृतीयेस सर्वांनी जेवायला यावे.

वृषभ: अण्णा, गाडी किती वाजता सुटणार 😀

वर्धमान: दिवस मावळायच्या आत. उशिरा येणाऱ्यास जागा मिळणार नाही.

वृषभ: उसाचा रस माझ्याकडं. बर्फाविना.

प्रणिता: आप्पा, अव्वा टेबलावर बसणार?

(वर्धमान टाइप करत आहे)

(वर्धमान टाइप करत आहे)

वर्धमान: बघू.

त्रिशला: कच्ची केळी कोण आणणार ते आत्ताच सांगा. नंतर माझ्या नावानं बोंबलू नका.

आरसा

वृषभ शहापूरच्या दुकानातून निघतानाच ठरवून निघाला होता की टेबलाला नावं ठेवायची.

त्यानंच कधीकाळी सांगितलं होतं, "अण्णा, त्ये भंगारात घाल, मी तुला ग्रॅनाईटचं आणून देतो, पुसलं की झालं." अण्णानं ऐकलं नाही. धाकट्याचं ऐकायचं नाही हा या घराचा जुना नियम. तर आता किटलीत रस, बगलेत रेक्झिनची गुंडाळी (असू द्यावी, टेबल ओबडधोबड असलं तर वर टाकता येईल) अशा तयारीनं तो परसात आला, आणि थांबला.

टेबलात आभाळ होतं. चिकूची पानं होती. जवळ गेल्यावर त्याचं स्वतःचं टक्कलही होतं.

"काय रं?" वर्धमान हाताची घडी घालून उभा.

"बरं हाय," वृषभ म्हणाला. मग फळीवरून बोट फिरवून, "माझ्या दुकानात काउंटरला लई बरं दिसंल बघ."

"भंगारात घालणार होतास न्हवं?"

"त्ये तवा. आता दादांच्या वस्तूत माझाबी वाटा हाय का न्हाय?"

"हाय की. त्यो बघ परसाच्या टोकाला एक पाय हाय. तुझाच."

प्रणिता खोऽ खोऽ हसत सुटली. ती आणि आदर्श नुकतेच पोचले होते. मागचे दोन रविवार आदर्श खात्याच्या ट्रेनिंगला गेला होता, त्यामुळं पॉलिश झाल्यापासून टेबल तो पहिल्यांदाच पाहत होता. तो वाकला. फळीवर तळहात ठेवला. वास घेतला.

"मामा, पॉलिश कसलं मारलंय?"

"चपडा!" वर्धमान याच प्रश्नाची वाट पाहत होता. "खडेबाजारातनं आणला. स्पिरिटात विरघळवायचा आन् कापडाच्या बोळ्यानं हात मारायचे. दोन हात आदी मारलते, तिसरा आज सकाळी. आन् सगळं इचारून घेतलंय हां मी. पाय चिकटवायला त्येनं पयला सरस दिलता. म्हटलं, कातड्याचा न्हवं ह्यो? न्हाय चालायचा. परत केला, पांढरा गोंद घेतला. चपड्याचंबी इचारलं. म्हटलं, कशाचा? म्हणला, लाखेचा. म्हटलं, लाख कुठली? म्हणला, झाडावरची की साहेब."

आदर्शनं फळीवरचा हात काढून घेतला.

प्रणिताला नवऱ्याचं हे हात काढून घेणं ओळखू यायचं. "काय?"

"काय न्हाय."

"आदर्श."

त्यानं सासऱ्याकडे पाहिलं. वर्धमान फळीवरची न दिसणारी धूळ आपल्या नव्या शर्टाच्या बाहीनं पुसत होता.

"झाडावरची असती," आदर्श म्हणाला. "पण झाडाची नसती. किड्याची असती."

चिकूखाली

(सगळे झाडाखाली, डोकी जवळ. आवाज हळू. त्रिशला हातात झारा घेऊन आलेली, झाऱ्याला तेल.)

त्रिशला: काय झालं? भजी जळालीत तिकडं.

प्रणिता: आई, लाख किड्यापासून करतात म्हणे.

वृषभ: म्हणे कशाला? खरं खोटं सांगा पावणं.

आदर्श: खरं हाय. किडा फांदीवर बसतोय आन् अंगाभवती लाख करतोय. फांद्या तोडून खरवडून काढत्यात तवा आत त्ये असत्यातच. आमच्या कोर्सला रेशीम, लाख, मध, एकाच पेपरात.

(भज्यांचा वास.)

वृषभ: मग त्यात काय? ह्ये रेक्झिन हाय. वरनं टाका. लाख खाली, अव्वा वर.

त्रिशला: व्हय. टाका. आन् अव्वांना काय सांगू नका.

प्रणिता: आई, तू पण?

त्रिशला: मी पण! रिटायर झाल्यावर ह्या माणसानं मला स्टँड करून टाकलंतं. ह्या टेबलानं मला घर परत दिलं. रोज सकाळी चहा घेऊन मी हितं येऊन बसलीया, ह्यांच्या हातात पॉलिश पेपर, माझ्या हातात कप. आता कुणी ह्ये मोडायचं न्हाय.

(वर्धमान बायकोकडे पाहतो. हे त्यानं याआधी ऐकलेलं नाही.)

प्रणिता: ठीक आहे. आदर्श, तू काय बोलला नाहीस. आम्ही काय ऐकलं नाही.

आदर्श: मामा?

(वर्धमान बाहीवरची धूळ झटकतो.)

आदर्श: मामा, तुम्ही सरस परत केलता.

वृषभ: पावणं, शानपणा करा थोडा. आज पयल्यांदा अव्वा तुमच्यासमोर बसणार. बसंल, मला खात्री हाय. आन् आजच तुम्ही किड्याचं नाव काढणार? ती म्हणंल, आला रेशीमवाला, घेऊन आला किडं.

आदर्श: म्हणू दे.

प्रणिता: आदर्श! दोन वर्षं मी वाट बघतेय ह्या दिवसाची.

आदर्श: मी पण बघालोय. म्हणून तर. त्या बसणार, त्यांना ठाऊक न्हाय, मला ठाऊक हाय, आन् मी समोर बसून आमरस वरपणार? त्यापरास त्यांचं ताट आत बरं.

(तो चालू लागतो. चपला काढतो. वर्धमाननं लावलेल्या रांगेत नीट ठेवतो.)

खिडकी

अव्वा खिडकीशी रस गाळत होती. किटलीतला रस पांढऱ्या फडक्यातून पातेल्यात. अक्षय तृतीयेला आदिनाथांना पहिला आहार उसाच्या रसाचा मिळाला, म्हणून आजच्या ताटात आधी रस आणि मग बाकीचं.

खिडकीतून तिला चिकू दिसत होता. वर्धमान आणि वृषभ लहानपणापासून काहीही फुटलं, सांडलं, हरवलं की त्याच झाडाखाली डोकी जवळ घेऊन उभे राहायचे. दादांचा चष्मा फुटला तेव्हा तिथंच. देवळातली घंटा चोरून आणली तेव्हा तिथंच. आज एकाला टक्कल, दुसरा रिटायर. तरी तिथंच. आणि या वेळी सून आणि नातही त्यात.

म्हणजे मोठंच काहीतरी फुटलंय.

पण त्या घोळक्यातून एक जण सुटून तिच्याकडे येत होता. असं याआधी कधी झालं नव्हतं. फुटलेल्याची बातमी तिला नेहमी स्वतःच शोधून काढावी लागे.

जावई दारात उभा राहिला. "अव्वा, एक सांगायचं हुतं."

"सांगा की."

"टेबलाला जे पॉलिश लावलंय, त्ये लाखेचं हाय. लाख किड्याची असती. मामांना ठाऊक नव्हतं, त्यांनी झाडाची समजून आणली. मला ठाऊक हाय म्हणून सांगालोय. तुम्ही आतच जेवा. मी बाहेर थांबतो."

अव्वानं फडकं पिळलं. शेवटचे थेंब पडेपर्यंत पिळत राहिली.

या पोराच्या हातून किती जीव जातात, असं ती रोज जपाला बसल्यावर मनात आणायची आणि मग जप चुकायचा. तोच हा. आणि बाहेर तिची दोन पोरं, जी रोज देवळात जातात, हातात रेक्झिनची गुंडाळी घेऊन उभी आहेत. रेक्झिन काय झाकायला असतं ते तिला कळत नव्हतं असं थोडंच?

"निघती काय ती लाख?" तिनं विचारलं.

"निघती. स्पिरिटनं पुसायची, आन् काचेनं खरवडायची."

"स्पिरिट म्हंजे दारू न्हवं?"

"त्यातलीच. पण प्यायची न्हाय अव्वा, पुसायची."

"मग हरकत न्हाय." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "दिवस किती हाय?"

आदर्शनं वाकून बाहेर पाहिलं. "चिकूच्या शेंड्यावर."

"मग उभं का ऱ्हायलाय पावणं? चला."

हात

अव्वा पदर खोचून परसात आली तेव्हा वृषभनं रेक्झिन पाठीमागं लपवलं, आणि ते पाठीमागं मावण्याएवढं लहान नव्हतं.

"ठेव त्ये खाली," अव्वा म्हणाली. "वर्धमान, शिट्टी कुठं हाय तुझी?"

"खिशात."

"वाजीव."

वर्धमाननं शिट्टी वाजवली आणि मग जे सुरू झालं ते असं की स्पिरिटची बाटली आली, तिच्यात तळाला थोडंच उरलं होतं कारण बाकीचं चपडा विरघळवण्यात गेलं होतं, आणि हार्डवेअरवाला आज सगळं कुटुंब घेऊन बाहुबलीच्या दर्शनाला गेला होता, म्हणून स्पिरिट जपून, चमच्यानं, आणि बाकी सगळं हातानं, फुटक्या तावदानाच्या काचा फडक्यात धरून, पण काचा दोनच, म्हणून वृषभ गाडीतून दुकानातला लोखंडी गज घेऊन आला ज्यानं त्याचे तीन नोकर वर्षानुवर्षं साड्या मोजत आले होते, आणि प्रणितानं स्वयंपाकघरातून जे हाताला लागलं ते आणलं, "अगं ए, त्ये माझं धिरड्याचं उलथणं हाय!" "आई, धिरडी उद्या!" "उद्या त्याला लाख लागलेली असंल!" "मग नवीन घे, काका घेऊन देईल," "मी कशाला? अण्णानं लाख आणली, अण्णा देईल," आणि खर्रर्र खर्रर्र असा आवाज, आणि आरशातलं आभाळ पांढरं होत होत भुग्यासारखं उडायला लागलं, आणि पलीकडच्या भिंतीवरून शेजारचा यल्लाप्पा डोकावून म्हणाला, "वर्धमानअण्णा, सकाळी तर पॉलिश केलंता, आता काढालाय?" आणि वर्धमान म्हणाला, "गाडी रिव्हर्स घ्यालोय," आणि यल्लाप्पा म्हणाला, "स्पिरिटचा वास हितपतूर आलाय, मी म्हटलं जैनांच्या घरात कसली पार्टी," आणि अव्वा म्हणाली, "तू बी ये, पण प्यायला मिळायचं न्हाय, घासायला मिळंल," आणि तो भिंतीवरून दिसेनासा झाला, आणि त्रिशलानं झारा ठेवून पदरानं घाम पुसला आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन घासायला लागली, कपाविना, पहिल्यांदा, आणि भजी खरोखरच जळाली,

आणि वर्धमान थांबला.

इतक्या रविवारांचं काम तो स्वतःच्या हातानं काढून टाकत होता. आतून काहीतरी तुटेल, याची तो वाट पाहत होता. पण समोर वृषभ साडीचा गज दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, शाळेत चित्र रंगवायचा तसा खरवडत होता. टकलावर पांढरा भुगा. वर्धमानला हसू फुटलं, ते थांबेना, मग वृषभलाही, कशाला हसतोय ते न कळताच.

"हसताय काय? हात चालवा," अव्वा म्हणाली. ती स्वतः भुगा गोळा करत होती. एक कण खाली पडू न देता सगळा कागदावर घेतला, चिकूच्या बुंध्याशी नेऊन ठेवला, आणि तिथं क्षणभर हात जोडून उभी राहिली. तिचे ओठ हलले. मग परत आली.

कोपरा

स्पिरिट संपलं.

ऊन भिंतीवर चढलं होतं. टेबलाचा मधला भाग मांजरानं ओरबाडल्यासारखा, वृषभची बाजू अर्धीकच्ची, प्रणिताच्या बाजूला उलथण्याच्या खुणा. नीट स्वच्छ झाला होता तो एकच कोपरा, फणसाच्या पायाकडचा. तिथं आदर्श वर मान न करता एकसारखा घासत बसला होता. त्यानं तो कोपरा पाण्यानं धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला, परत धुतला, परत पुसला.

"न्हाय झालं गं अव्वा," वर्धमान म्हणाला. "सगळं व्हायला पुढचा रविवार लागंल."

"अव्वा, तुमचं ताट आत लावते," त्रिशला म्हणाली.

प्रणिता मागं सरकली. तिनं उलथणं पाठीमागं धरलं होतं आणि ती आदर्शकडे बघत नव्हती.

अव्वा त्या कोपऱ्याशी गेली. तळहात ठेवला. चकाकी नव्हती. नुसतं लाकूड, उन्हानं कोमट. असंच होतं ते, दादा असताना. त्यांनी या टेबलाला कधी काही लावलंच नव्हतं.

"ताट आण," ती म्हणाली.

त्रिशलानं ताट आणलं. अव्वानं ते कोपऱ्यावर ठेवलं, कडेला सरकवलं, शेजारची रिकामी जागा हाताच्या वितीनं मापली.

"अजून एक आण."

दुसरं ताट आलं. तेही ठेवलं. कडेला कड लागली, पण मावलं.

"दोन मावत्यात," अव्वा म्हणाली.

वर्धमान पुढं झाला. थोरला म्हणून. वृषभही पुढं झाला. धाकटा म्हणून.

"तुम्ही दोघं न्हवं. चिकूखाली उभं ऱ्हावा तुम्ही, तुमची जागा तीच." मग तिनं वर न बघता, वाटीत रस ओतता ओतता म्हटलं, "आदर्श, बस रं."

पावणं नाही. तुम्ही नाही.

आदर्शनं प्रणिताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या हातांकडे. "हात धुऊन येतो अव्वा."

"लवकर ये. आन् ऐक. तुझं त्ये काम मला पटत न्हाय. त्ये मी म्हणणारच."

"म्हणा की."

"उद्या म्हणीन. आदी जेव. दिवस चाललाय."

प्रणितानं उलथणं खाली टाकलं. त्रिशलानं जळालेली भजी एका ताटात आणि न जळालेली दुसऱ्या ताटात काढली, आणि न जळालेली सगळी त्या कोपऱ्याकडे गेली. बाकीचे जमिनीवर बसले. वृषभनं शेवटी रेक्झिन अंथरलं, त्यावर चौघं मावले, आणि ते आपण आणलं म्हणून बसायला मिळालं हे तो पुढं कितीतरी दिवस सांगत राहिला.

चिकू
अव्वा · आदर्श
(बाकीचे रेक्झिनवर)

अव्वानं रसाची वाटी उचलली. आदर्शनं उचलली. दोन वाट्या जवळजवळ लागून होत्या, जागाच तेवढी होती. ऊन भिंतीच्या कडेवरून अजून गेलं नव्हतं.

वर्धमाननं खिशातून शिट्टी काढून ओठांना लावली. मग तशीच परत ठेवली. गाडी आधीच हलली होती.